केळीचा भाव एक रुपया कसा झाला: प्लगिनमधलं सीएसआरएफ, नवशिक्यांसाठी

मागच्या उन्हाळ्यात रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी मी वर्डप्रेसचा छोटासा प्लगिन (साईटला वरून जोडायचा कोड) लिहिला होता. काम एकदम साधं, बऱ्हाणपूरचा लिलाव झाला की त्यांचे दिवाणजी वर्डप्रेसला लॉगिन करून आजचा भाव टाकणार आणि तो साईटच्या वरच्या पट्टीवर दिसणार. दीडशे ओळींचा पण कोड नव्हता. आखाजीला अमळनेरचा मामेभाऊ घरी आला होता, कॉलेजात आहे, सिक्युरिटीचा नवा नवा नाद लागलाय त्याला. त्याने कोड मागून घेतला, थोडा वेळ वाचला, मग मला म्हणाला दादा तुझ्या लॅपटॉपवर टेस्ट साईटला लॉगिन कर, केलं, मग व्हॉट्सॲप वेबवर एक बारकी एचटीएमएल फाईल पाठवली, ही उघड म्हणे. उघडली. पांढरं पान आलं, काहीतरी फिरलं, बस. हा हसायला लागला, "दादा, तुना भाव मना हातमा शे." साईट रिफ्रेश केली तर केळी एक रुपया क्विंटल.

त्याच्याकडे माझा पासवर्ड नव्हता, माझ्या कीबोर्डला त्याने हात लावला नव्हता. नशीब ती लॅपटॉपवरची टेस्ट कॉपी होती, पण तोच कोड लाईव्ह साईटवर पण होता. या प्रकाराला क्रॉस-साईट रिक्वेस्ट फोर्जरी म्हणतात, थोडक्यात सीएसआरएफ. तुम्ही नुकतेच प्लगिन लिहायला लागला असाल, किंवा जळगाव-धुळ्यात पाच-पंचवीस क्लायंटच्या साईट सांभाळत असाल तर हे एकदा हाताने करून बघा, नुसतं वाचून कळल्यासारखं वाटतं पण कळत नाही.

आधी हे डोक्यात बसवा

तुम्ही साईटला लॉगिन करता तेव्हा साईट ब्राउझरला एक कुकी देते. पुढे ब्राउझर त्या साईटकडे जी जी रिक्वेस्ट पाठवतो तिच्यासोबत ती कुकी आपोआप जोडतो. गोची इथेच आहे. ती रिक्वेस्ट तुम्ही तुमच्या फॉर्मचं बटण दाबून पाठवली की दुसऱ्याच कुठल्या साईटवरच्या पानाने तुमच्या ब्राउझरकडून गुपचूप पाठवून घेतली, यातला फरक सर्व्हरला कुकी बघून कळत नाही. कुकी तर खरीच आहे ना.

गावात ग्रामसेवकापुढे दाखल्यांचा गठ्ठा सहीला ठेवतात तसं समजा. भाऊसाहेब घाईत, एकामागून एक सही मारत जातात, त्यात कोणी स्वतःचा एक कागद सरकवून दिला तर सही खरी, शिक्का खरा, फक्त कागद कार्यालयातून निघालेला नाही. आता क्लार्कने कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक खूण केली आणि भाऊसाहेबांनी ठरवलं की खूण नसेल तर सही नाही, तर घुसवलेला कागद लगेच उघडा पडतो. ही खूण म्हणजे वर्डप्रेसचा नॉन्स. जवळजवळ सगळी दुरुस्ती याच खुणेभोवती फिरते.

कोणी म्हणेल हल्लेखोर खूण बघून तीच का टाकत नाही? कारण ब्राउझर दुसऱ्या साईटच्या पानाला तुमच्या साईटकडे रिक्वेस्ट पाठवू देतो पण तिकडून आलेलं उत्तर वाचू देत नाही. नॉन्स त्या उत्तरात, म्हणजे तुमच्या ॲडमिन पानाच्या आत असतो. (साईटवर एक्सएसएस असेल तर मात्र खेळ खलास, तिथे हल्लेखोराची स्क्रिप्ट तुमच्याच पानात बसून नॉन्स वाचते. तो वेगळा विषय.)

प्रकार काही नवा नाही. सीएसआरएफ हे नाव २००१ मधे पीटर वॉटकिन्सने दिलं, इंग्रजीत लोक त्याचा उच्चार सी-सर्फ असा करतात. ओवास्प या वेब सिक्युरिटीवर काम करणाऱ्या संस्थेच्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत २०१३ ला हा आठव्या नंबरवर होता आणि २०१७ ला यादीतून गेला, कारण बऱ्याच फ्रेमवर्कमधे बचाव आयता मिळायला लागला. वर्डप्रेसमधे पण आयता आहे, २००६ पासून, २.०.३ व्हर्जनला नॉन्स आले. फक्त तो प्लगिनवाल्याने स्वतः हात लांब करून घ्यायचा असतो, म्हणून प्लगिनमधे हे भोक आजही ढिगाने सापडतं.

सराव कुठे करायचा

स्वतःच्या लॅपटॉपवर, बस. झॅम्प टाका नाहीतर लोकल नावाचं सॉफ्टवेअर येतं ते टाका, वर्डप्रेस इन्स्टॉल करा. दुसऱ्याच्या साईटवर परवानगीशिवाय "टेस्ट" करायची नाही, ओळखीच्या मंगल कार्यालयाची असली तरी नाही. आयटी ॲक्ट २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय घुसलं तर भरपाई द्यावी लागू शकते, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवायला केलं तर कलम ६६ मधे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

स्वतःचंच घर फोडून बघा

माझ्यासारखाच एक फालतू प्लगिन बनवा. ॲडमिनमधे एक पान, त्यात एक फॉर्म, फॉर्ममधे "भाव" नावाचा एक रकाना आणि सेव्ह बटण. फॉर्म पोस्ट झाला की आलेला आकडा अपडेट_ऑप्शन या फंक्शनने डेटाबेसमधे टाकायचा. बाकी काही तपासायचं नाही. (फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग, लहान अक्षरं, मधे अंडरस्कोर.) भाव टाका, सेव्ह करा, चालतंय ना? इथेच निम्मे लोक थांबतात आणि क्लायंटला बिल पाठवतात. मी पण पाठवलं होतं.

आता दुसरी एक साधी एचटीएमएल फाईल बनवा, वर्डप्रेसच्या बाहेर. तिच्यात एक फॉर्म, त्याची ॲक्शन म्हणजे तुमच्या त्या ॲडमिन पानाचा पूर्ण पत्ता, मेथड पोस्ट, आत एक लपवलेला रकाना ज्याचं नाव हुबेहूब तुमच्या रकान्याचं आणि व्हॅल्यू १. मूळ फॉर्ममधे अजून लपवलेले रकाने असतील तर ते पण कॉपी करा. खाली दोन ओळींची जावास्क्रिप्ट, पान उघडलं की फॉर्म आपोआप सबमिट. मामेभावाच्या फाईलमधे एवढंच होतं, मोजून अकरा ओळी.

वर्डप्रेसला लॉगिन करा आणि लगेच ती फाईल त्याच ब्राउझरमधे उघडा. भाव बदलेल.

आता यात एक गंमत आहे तिने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. भाऊ अमळनेरला गेल्यावर मी तीच फाईल परत चालवली तर काहीच होईना. लॉगिन पेज यायचं. मला वाटलं वर्डप्रेसने मधल्या मधे अपडेट घेऊन दुरुस्त केलं की काय. परत लॉगिन केलं, फाईल उघडली, भाव बदलला! चहा पिऊन आलो, परत उघडली, नाही बदलला. डोकं फिरायची वेळ आली. मग कळलं की क्रोमने २०२० मधे नियम बदललाय, ज्या कुकीवर सेमसाईट (दुसऱ्या साईटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी पाठवायची की नाही ते सांगणारी सूचना) म्हणून काहीच लिहिलेलं नाही तिला तो लॅक्स, म्हणजे थोडी सैल बंदी असलेली, समजतो आणि दुसऱ्या साईटवरून आलेल्या पोस्टसोबत पाठवत नाही, पण कुकी मिळून दोन मिनिटं झालेली नसतील तर तेवढ्यापुरती सूट देतो. म्हणून त्या पठ्ठ्याने मला आधी लॉगिन करायला लावलं होतं.

हे वाचून "मग क्रोम वापरतो ना आपण, सुटलो" असं मनात आलं असेल तर थांबा. एक, सगळे ब्राउझर याबाबतीत सारखे वागत नाहीत. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, लॅक्स असलेली कुकी साध्या लिंकवर क्लिक केलं की जातेच. म्हणजे तुमच्या प्लगिनमधे एखादं काम नुसत्या लिंकने होत असेल, हे डिलीट करा, ते चालू करा, रीसेट करा, पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे ॲक्शन आणि आयडी, तर तिथे लॅक्स तुम्हाला काही वाचवत नाही, दोन मिनिटं पण नाही आणि दोन दिवस पण नाही. तेव्हा सेमसाईटला दाराबाहेरचं फाटक समजा, कुलूप समजू नका.

टेस्ट करताना अजून एक ठेच लागते. दोन्ही पानं लोकलहोस्टवर वेगवेगळ्या पोर्टवर ठेवली तर ब्राउझर त्यांना एकच साईट धरतो, सेमसाईटमधे पोर्ट मोजतच नाहीत. मग तुम्हाला चुकीचा रिझल्ट दिसतो. वर्डप्रेस लोकलहोस्ट नावाने उघडा आणि हल्ल्याचं पान १२७.०.०.१ या पत्त्यावरून, म्हणजे दोन साईट वेगळ्या धरल्या जातील.

आता दुरुस्ती, दोन प्रश्न

डेटा बदलणाऱ्या प्रत्येक ठिकाणी प्लगिनने दोन प्रश्न विचारायचे. हा कागद माझ्याच कार्यालयातून निघालाय का? आणि सही करणाऱ्याला ही सही करायचा अधिकार आहे का? पहिल्याचं उत्तर नॉन्स देतो, दुसऱ्याचं कॅपॅबिलिटी. एकावर दुसऱ्याचं काम भागवायचं नाही.

फॉर्मच्या आत डब्ल्यूपी_नॉन्स_फील्ड हे फंक्शन टाका आणि त्याला स्वतःचं ॲक्शन नाव द्या, समजा "केळी भाव सेव्ह". पान उघडून सोर्स बघा, एक लपवलेला रकाना दिसेल ज्यात दहा अक्षरांचा कचरा आहे. हा कचरा तुमचा युजर आयडी, तुमचं लॉगिन सेशन, ते ॲक्शन नाव, सध्याचा बारा तासांचा कप्पा आणि साईटची गुप्त किल्ली असं सगळं घोटून काढलेला असतो. मग फॉर्म जिथे सेव्ह होतो तिथे, अपडेट_ऑप्शनच्या आधी, अगदी पहिल्या ओळीला, करंट_युजर_कॅन वापरून मॅनेज_ऑप्शन्सचा अधिकार आहे का बघा, नसेल तर थांबवा, आणि लगेच खाली चेक_ॲडमिन_रेफरर, त्याच ॲक्शन नावाने. या दुसऱ्या फंक्शनच्या नावावर जाऊ नका, नाव रेफररचं पण तपासतं नॉन्स, जुनं नाव चिकटून राहिलंय. नॉन्स जुळला नाही तर ते स्वतःच तिथे गाडी थांबवतं आणि लिंक एक्सपायर झाली असा मेसेज दाखवतं. मग आलेला आकडा साफ करून घ्या, भावाच्या रकान्यात आकडाच आला पाहिजे, आणि शेवटी सेव्ह.

आता ती अकरा ओळींची फाईल परत उघडा, लॉगिन करून दोन मिनिटांच्या आत. एक्सपायर्डचा मेसेज आला म्हणजे जमलं. हे करून बघितल्याशिवाय दुरुस्त झालं म्हणायचं नाही.

सेटिंग्जचं पानच बनवायचं असेल तर खरं म्हणजे हे सगळं हाताने करूच नका, वर्डप्रेसचं सेटिंग्ज एपीआय वापरा. फॉर्ममधे सेटिंग्ज_फील्ड्स लिहिलं आणि फॉर्म ऑप्शन्स डॉट पीएचपीकडे पाठवला की नॉन्स आणि अधिकार दोन्ही वर्डप्रेसच बघतं. सुरुवातीला किचकट वाटतं, दुसऱ्या-तिसऱ्या प्लगिनला हात बसतो.

व्यापाऱ्याकडून दुरुस्तीनंतर आठ दिवसांत फोन आला, भाऊ तुमचं ते एक्सपायर एक्सपायर दाखवतंय. दिवाणजींनी शनिवारी उघडलेला टॅब सोमवारी तसाच वापरला होता. नॉन्स बारा ते चोवीस तास टिकतो, चालू कप्पा आणि त्याच्या मागचा एक, त्यामुळे शनिवारचा सोमवारी चालणार नाहीच. पान रिफ्रेश करा एवढं सांगितलं की झालं. अशा वेळी क्लायंटच्या कटकटीपोटी नॉन्सची ओळ काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. नका काढू.

नॉन्स आहे, पण नसल्यासारखा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण ज्या प्लगिनमधे नॉन्स अजिबातच नाही तो दोन मिनिटात सापडतो, पण ज्यात आहे आणि तरी उपयोगाचा नाही तो भल्याभल्यांना फसवतो.

सगळ्यात भारी चूक "आणि" आणि "किंवा" ची. कोडमधे लिहिलेलं असतं: नॉन्स आला असेल आणि तो चुकीचा असेल, तर थांब. वाचायला बरोबर वाटतं ना? परत वाचा. हल्लेखोराने नॉन्स पाठवलाच नाही तर? "आला असेल" ही पहिलीच अट खोटी, मग थांबायचा प्रश्नच येत नाही, गाडी सुसाट पुढे आणि भाव सेव्ह. म्हणजे चुकीची खूण असलेला कागद परत, बिनखुणेचा कागद मंजूर! पाहिजे असं: नॉन्स आला नसेल किंवा तो चुकीचा असेल, तर थांब. फरक एका शब्दाचा आणि एका उद्गारचिन्हाचा. ही चूक मी स्वतः केलीय, पीएचपीची नोटीस येऊ नये म्हणून आधी इससेट (रकाना आलाय का ते बघणारं) लावायची सवय असते त्यातून ती होते. म्हणून टेस्ट दोनदा करायची, एकदा चुकीचा नॉन्स पाठवून आणि एकदा नॉन्सचा रकानाच उडवून.

दुसरी, डब्ल्यूपी_व्हेरिफाय_नॉन्स नुसतं कॉल करून सोडून देणं. हे फंक्शन कोणाला थांबवत नाही, फक्त उत्तर देतं, जुळलं तर १ किंवा २ (२ म्हणजे मागच्या बारा तासांच्या कप्प्यातला), नाही जुळलं तर फॉल्स. उत्तर तुम्ही बघितलंच नाही तर ते देऊन काय उपयोग. थांबवणारं पाहिजे तर चेक_ॲडमिन_रेफरर.

फॉर्ममधे नॉन्स टाकलाय आणि सेव्हच्या बाजूला तपासायचं राहून गेलं, हे तर नेहमीचंच. तसंच ॲक्शन नाव दिलं नाही की वर्डप्रेस उणे एक धरतं, मग एका पानाचा नॉन्स दुसऱ्या प्लगिनच्या तशाच आळशी पानावर चालून जातो.

मग इज_ॲडमिन. नावावरून कोणालाही वाटेल की युजर ॲडमिन आहे का ते तपासतंय. नाही! ते फक्त एवढं सांगतं की ही रिक्वेस्ट ॲडमिनच्या भागातली आहे का. ॲडमिन-अजॅक्सकडे (पान न बदलता मागून पाठवलेल्या रिक्वेस्ट घेणारी वर्डप्रेसची फाईल) बिना लॉगिन आलेल्या रिक्वेस्टला पण ते हो म्हणतं. आणि ॲडमिन_इनिट या हुकचं (हुक म्हणजे वर्डप्रेस ठराविक वेळी तुमचा कोड बोलावतं ती जागा) पण तेच, तो लॉगिन नसलेल्या माणसासाठी सुद्धा ॲडमिन-अजॅक्स आणि ॲडमिन-पोस्टवरून चालतो. त्या हुकमधे सेटिंग सेव्ह करणारा कोड बिना तपासणीचा टाकला असेल तर ते नुसतं सीएसआरएफ पण राहत नाही, सरळ सताड उघडं दार आहे.

आणि उलटी चूक, नॉन्स आहे म्हणून अधिकार न तपासणं. सबस्क्रायबरला त्याच्या पानावर नॉन्स छापून मिळत असेल तर त्याच्याकडे खरी खूण आहेच, तो ॲडमिनचं काम करून जाईल. लॉगिन न केलेल्या पाहुण्यांचा तर अजून वेगळा प्रकार, त्यांचा युजर आयडी शून्य आणि सेशन काहीच नाही, त्यामुळे एका ॲक्शनसाठी सगळ्या पाहुण्यांना एकच नॉन्स मिळतो. तिथे त्याच्यावर फार विसंबू नका.

अजॅक्स आणि रेस्ट, थोडक्यात

डब्ल्यूपी_अजॅक्स हुक म्हणजे कोणताही लॉगिन युजर, फक्त ॲडमिन नाही. तिथे चेक_अजॅक्स_रेफरर आणि सोबत करंट_युजर_कॅन. रेस्टमधे (वर्डप्रेसशी डेटा देवाणघेवाण करायचं दुसरं दार) थोडी सोय आहे, कुकीवर आलेल्या रिक्वेस्टच्या हेडरमधे डब्ल्यूपी_रेस्टचा नॉन्स नसेल तर वर्डप्रेस तुम्हाला लॉगिन नसलेलाच समजतं. पण परमिशन_कॉलबॅकमधे लोक बिनधास्त "रिटर्न ट्रू" लिहून ठेवतात, मग लॉगिन असला काय नसला काय.

दुसऱ्याचा प्लगिन वाचायला घेतला की

प्लगिनचं फोल्डर एडिटरमधे उघडा आणि वरून खाली वाचत बसू नका, उलटं चाला. जिथे काहीतरी बदलतं ती ठिकाणं शोधा: अपडेट_ऑप्शन, डिलीट_ऑप्शन, डब्ल्यूपी_डिलीट_पोस्ट, डब्ल्यूपी_इन्सर्ट_युजर, डेटाबेसची क्वेरी, फाईल लिहिणारं काही. प्रत्येक ठिकाणापासून मागे मागे जात विचारा की इथपर्यंत यायला कुठल्या हुकमधून आलो, आणि वाटेत ते दोन प्रश्न कोणी विचारले का. वहीत तीन रकाने आखा, ठिकाण, नॉन्स, अधिकार. मी अजूनही कागदावरच करतो. ज्या ओळीत नॉन्सचा रकाना रिकामा ती लोकलवर तोडून बघायची.

एखादं ठिकाण राहून गेल्याने काय होतं याचं चांगलं उदाहरण म्हणजे कोड स्निपेट्स हा प्लगिन, जानेवारी २०२० मधे वर्डफेन्स या वर्डप्रेस सिक्युरिटी कंपनीने दाखवलेलं. दोन लाखांवर साईटवर होता तेव्हा. त्याच्या जवळपास सगळ्या दारांना नॉन्स होता, फक्त इम्पोर्टला नव्हता. इम्पोर्ट केलेला तुकडा बंद अवस्थेतच येईल अशी व्यवस्था होती म्हणे, पण आत येणाऱ्या फाईलमधेच "चालू" असं लिहून पाठवलं की तो चालू व्हायचा. प्लगिनचं कामच पीएचपी कोड चालवायचं, म्हणजे ॲडमिनने एक लिंक उघडली की अख्खी साईट हातची गेली. २.१४.० मधे दुरुस्त झालं. तेव्हापासून मी कोणताही प्लगिन घेतला की आधी इम्पोर्ट, रीसेट, डिसमिस असली कोपऱ्यातली बटणं बघतो, मेन सेटिंगकडे सगळ्यांचं लक्ष असतं. आणि वर्डप्रेसवाले स्वतः पण सुटलेले नाहीत, मार्च २०१९ चं ५.१.१ व्हर्जन हे कमेंटच्या फॉर्ममधल्या अशाच गडबडीसाठी काढावं लागलं होतं.

कोड येत नाही, फक्त साईट सांभाळता?

प्लगिन अपडेट ठेवा हे सगळेच सांगतात. मी अजून तीन गोष्टी सांगेन. ॲडमिनचं काम वेगळ्या ब्राउझर प्रोफाईलमधे करा आणि त्या प्रोफाईलमधे फेसबुक, मेल, व्हॉट्सॲप वेब काही उघडू नका, रोजच्या प्रोफाईलमधे ॲडमिनची कुकीच नसेल तर हल्ला कशावर होणार. रोज फक्त बातम्या नाहीतर फोटो टाकणाऱ्या पोराला ॲडमिन कशाला, एडिटरचं खातं द्या. आणि काम झालं की लॉगआउट. रिमेंबर मी ला टिक केली तर लॉगिन चौदा दिवस राहतं, नाही केली तर ब्राउझर बंद करेपर्यंत, फार तर दोन दिवस.

प्लगिनमधल्या भोकांच्या सूचना येतात त्या वाचताना नुसता स्कोर (धोका किती मोठा ते दहापैकी सांगणारा आकडा) बघू नका. सीएसआरएफला ॲडमिनने काहीतरी क्लिक करणं लागतंच, म्हणून बरेचदा ४.३ असा मधला स्कोर लागतो, एखादी नोटीस बंद करता येते एवढ्यापुरतं असेल तर ठीक आहे, पण त्याच सीएसआरएफने कोड चालत असेल तर ८.८ लागतो. "अनऑथेंटिकेटेड" असं लिहिलेलं बघून पण गोंधळ होतो, म्हणजे हल्लेखोराला लॉगिन लागत नाही, तुमचं मात्र लागतं. आणि प्लगिनच्या पानावर हा प्लगिन बंद करण्यात आलाय असं दिसलं तर अपडेट यायची वाट बघत बसू नका, पर्याय शोधा.

सापडलं तर

आधी लेखकाला खासगीत कळवा, सार्वजनिक सपोर्ट फोरममधे नाही, तिथे हल्लेखोर पण वाचतात. लेखक उत्तर देत नसेल तर वर्डप्रेसची प्लगिन टीम आहे, पॅचस्टॅक आणि वर्डफेन्स या सिक्युरिटी कंपन्या पण रिपोर्ट घेतात. रिपोर्टमधे व्हर्जन नंबर, फाईल आणि फंक्शनचं नाव, तुमची ती अकरा ओळींची फाईल, आणि याने नेमकं काय बदलतं ते एका वाक्यात. तुमचा प्लगिन धोकादायक आहे, ताबडतोब बघा, असल्या मेलला कोणी उत्तर देत नाही, मी पण दिलं नसतं.

मी माझ्या प्लगिनचा दुरुस्त कोड मामेभावाला पाठवला. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज, भाव सेव्ह करायचं ठीक झालं दादा, पण खाली "जुने भाव डिलीट करा" म्हणून जी लिंक आहे, तिला काय लावलंय?

काही नव्हतं लावलं. ती नुसती लिंकच होती.